स्टॉकहोमची पंडिता : सोफिया एलिझाबेट ब्रेन्नर

सोफिया एलिझाबेट वेबर हिचा जन्म १६५९ साली स्टॉकहोममध्ये, जर्मन वंशाच्या कुटुंबात झाला. वडिलांनी तिला शहरातील जर्मन शाळेत मुलग्यांच्या बरोबरीने बसवले आणि लॅटिन शिकू दिले. विद्यापीठे, वैद्यक, धर्मशास्त्र यांचा व्यवहार तेव्हा लॅटिनमधून चाले आणि मुलींना ते दार बहुधा बंदच असे. तिच्या पुढच्या आयुष्याचा पाया वडिलांच्या या निर्णयात आहे.

१६८० मध्ये तिचे लग्न एलियास ब्रेन्नर यांच्याशी झाले. ते मूळचे फिनलंडचे. लघुचित्रे काढणारे आणि जुन्या नाण्यांचे जाणकार. बायकोच्या विद्येची त्यांना अडचण नव्हती, कौतुक होते. त्यांना पंधरा अपत्ये झाली, पैकी बहुतेक लहानपणीच गेली. वैद्यकीच्या व्यवसायात आयुष्य गेल्यामुळे मी या आकड्यापाशी थबकतो. जेनरची देवीची लस यायला अजून शंभरावर वर्षे होती. ऐन उमेदीची वर्षे बाळंतपणे, आजारपणे आणि लहानग्यांच्या शवपेट्या यांत गेली, आणि लेखणी त्यातच चालू राहिली. स्वीडिश, जर्मन, लॅटिन, फ्रेंच, इटालियन अशा भाषांत ती कविता रची. मेक्सिकोतील जोगीण-कवयित्री सोर हुआना हिच्या गौरवार्थही तिने कविता लिहिली!

तिची बरीच कविता प्रासंगिक आहे : लग्ने, मृत्यू, राजघराण्यातील घटना. आपल्याकडची मंगलाष्टके आठवावीत. म्हणून तिला दुय्यम ठरवणे मला पटत नाही. स्त्रीला चारचौघांत बोलायला तेवढीच वाट मोकळी होती. त्याच वाटेने जाऊन १६९३ मध्ये तिने स्त्रीजातीची बाजू मांडणारी कविता लिहिली. बुद्धीत बाई पुरुषापेक्षा कमी नाही, हे तिचे म्हणणे.

१७०९ मध्ये पोल्टाव्हाला स्वीडनचा दारुण पराभव झाला. राजा बारावा कार्ल तुर्की मुलखात अडकला. १७१० मध्ये स्टॉकहोमला प्लेगने गाठले. अशा दिवसांत, १७१३ साली, तिचा काव्यसंग्रह छापला गेला. स्वीडिश कवयित्रीचा हा पहिला संग्रह मानतात.

१७१७ मध्ये एलियास वारले. सोफिया त्यानंतर तेरा वर्षे जगली. १७२७ मध्ये येशूच्या यातनांवरील तिचे दीर्घकाव्य आले. १७३० मध्ये तिचे निधन झाले, आणि कवितांचा दुसरा भाग १७३२ मध्ये, तिच्या पश्चात प्रसिद्ध झाला.