तळटीप : ‘पुसले गेले’ म्हणजे नेमके काय

* लेखकाने येथे ‘हार्ड रीसेट केले आणि तीन दिवसांचे काम पुसले गेले’ असे म्हटले आहे. घाबरलेल्या माणसाचे हे वाक्य वाचकाने शब्दशः घेऊ नये. लिनस टॉर्व्हल्ड्स यांनी २००५ साली लिहायला घेतलेल्या गिटमध्ये एकदा कमिट झालेले काम लगेच नाहीसे होत नाही. रीसेटने शाखेची खूण मागच्या कमिटवर सरकते, एवढेच. पुढच्या कमिट जागच्या जागी असतात, त्यांच्याकडे जाणारी वाट तेवढी दिसेनाशी होते. ‘गिट रीफ्लॉग’ ही आज्ञा दिली की ती वाट सापडते. ‘हेड’ कुठून कुठे गेले याची ती रोजवहीच असते. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला कमिटच्या ओळखक्रमांकाची सातएक अक्षरे दिसतात. ती उचलून तिथून नवी शाखा काढावी, काम परत हाती येते. मात्र ही वही आपल्याच संगणकावर राहते, सर्व्हरवर जात नाही. आणि शाखेपासून तुटलेल्या कमिटच्या नोंदी एरवी ३० दिवसच टिकतात. जे कधी कमिट किंवा निदान ‘ॲड’सुद्धा केले नव्हते, ते मात्र खरोखरच जाते. मी एका प्रकरणाच्या दुरुस्त्या अशाच घालवल्या आहेत.

चूक सहकाऱ्यांपर्यंत पोचली असेल, तर रीसेटला हात लावू नये, ‘रिव्हर्ट’ करावे. त्याने जुनी कमिट तशीच राहते आणि तिचा परिणाम उलटवणारी नवी कमिट पुढे जोडली जाते. हिशेबनीस चुकलेली रक्कम न खोडता खाली उलट नोंद घालतो, तसे.