जुन्या फायलीतील मराठी वाचता येत नसेल तर...

संगणक बदलल्यानंतर जुनी मराठी फाइल उघडावी आणि मजकुराऐवजी निरर्थक इंग्रजी अक्षरे, चौकोन किंवा प्रश्नचिन्हे दिसावीत, हा अनुभव घरी आणि कार्यालयांत आजही येतो. फाइल बिघडली किंवा तिला व्हायरस लागला, असे समजून ती पुसून टाकली जाते. सोसायटीचे इतिवृत्त, वडिलांनी टंकून ठेवलेल्या आठवणी, दाव्याची कागदपत्रे अशी कायमची नाहीशी होतात. वास्तविक बहुतेक वेळा मजकूर शाबूत असतो.

असे का होते?

युनिकोड या जागतिक प्रमाणात देवनागरीला १९९१ मध्येच स्थान मिळाले. मात्र विंडोजमध्ये तिची सोय 'विंडोज २०००'पासून झाली. तोपर्यंत, आणि पुढेही अनेक वर्षे, मराठीचे काम कृतिदेव, शुषा, श्रीलिपी, सुरेख अशा फॉन्टवर चालले. या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचे चित्र बसविलेले असते. कृतिदेवमध्ये पडद्यावर 'क' दिसतो, तेव्हा फायलीत इंग्रजी 'डी' साठविलेला असतो. फॉन्ट नसलेल्या संगणकावर तो 'डी'च दिसतो.

लक्षणे आणि उपाय

प्रथम फाइलची प्रत काढावी व सर्व प्रयोग प्रतीवरच करावेत.

१. निरर्थक इंग्रजी अक्षरे : हे जुन्या फॉन्टचे लक्षण होय. वर्डमध्ये मजकूर निवडल्यास, फॉन्ट संगणकात नसला तरी त्याचे नाव वरच्या चौकटीत दिसते. तो फॉन्ट मिळवून बसविला, की मजकूर वाचता येतो.

२. चौकोन : मजकूर युनिकोडमध्ये आहे, परंतु निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही. 'निर्मला यूआय', 'मंगल' किंवा मोफत मिळणारा 'नोटो सॅन्स देवनागरी' निवडावा.

३. डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी 'ए' व चलनचिन्हे पुनःपुन्हा दिसणे : युनिकोड मजकूर चुकीच्या सांकेतिक पद्धतीने वाचला जात आहे. एक्सेलमध्ये सीएसव्ही फाइल थेट उघडल्यास असे होते. ती 'डेटा' विभागातील 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही'मधून घ्यावी आणि 'यूटीएफ-८' निवडावे.

४. सलग प्रश्नचिन्हे : देवनागरीला जागा नसलेल्या पद्धतीत फाइल सेव्ह झाली, की प्रत्येक अक्षराचे प्रश्नचिन्ह होते. फायलीतच प्रश्नचिन्हे साठविली गेली असतील, तर त्यांतून मजकूर परत मिळत नाही. जुनी प्रत, ई-मेल किंवा पेन ड्राइव्ह शोधणे एवढेच हाती उरते.

रूपांतर करताना

फॉन्ट बसविल्याने गरज तात्पुरती भागते. मजकूर युनिकोडमध्ये आणणे हाच टिकाऊ उपाय. त्यासाठी फॉन्ट कनव्हर्टर उपलब्ध आहेत. प्रत्येक फॉन्टची मांडणी निराळी असल्याने त्याच फॉन्टचा कनव्हर्टर वापरावा. कृतिदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठविली जाते, तर युनिकोडमध्ये नंतर; रफाराचीही जागा बदलते. म्हणून रूपांतरित मजकूर मुळाशी ताडून पाहणे अत्यावश्यक आहे. 'दऱ्या'चे 'दर्या' झाले, तर दरीचा समुद्र होतो. नावे, आकडे आणि मधूनच आलेले इंग्रजी शब्द विशेष काळजीने तपासावेत. पडताळणी पूर्ण झाल्यावरही मूळ फाइल व तिचा फॉन्ट एकाच फोल्डरमध्ये जपून ठेवावा.

नवे लेखन प्रारंभापासूनच युनिकोडमध्ये करावे. विंडोजमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक अंतर्भूत आहे. भाषांच्या यादीत मराठी जोडली, की तो वापरता येतो. असा मजकूर पुढच्या संगणकावरही वाचता येईल आणि त्यातील शब्द शोधताही येतील.