इंजिन तापते तेव्हा : एका झाकणामागचा इतिहास

वाईहून पाचगणीला चढणारा पसरणी घाट पुष्कळांनी पाहिला असेल. १९९०च्या दशकात, मे महिन्याच्या सुट्टीत, या घाटाच्या वळणांवर बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या हे नेहमीचे दृश्य होते. त्यांतली एक बहुधा आमची असे. वडिलांनी जुनी विकत घेतलेली ती गाडी सपाटीवर निमूट चाले. घाट निम्मा संपला की काटा तांबड्या रेघेकडे सरके आणि बॉनेटच्या फटीतून वाफ येऊ लागे. दोन वर्षांत तीन गॅरेजे झाली. एकाने ‘आपल्या हवेत याचं काम नाही’ म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकला, दुसऱ्याने रेडिएटर बदलला, तिसऱ्याने पाण्याचा पंप. गाडी तापायची ती तापलीच.

दोष कोठे होता ते शेवटी पाहू. तत्पूर्वी एक प्रश्न विचारू : इंजिन थंड ठेवण्यासाठी इतके भाग लागतातच कशाला? याचे उत्तर इतिहासात आहे. यांतला प्रत्येक भाग आधीच्या एखाद्या अडचणीवरचा तोडगा म्हणून आला आहे.

पेट्रोल इंजिनात इंधनाच्या उष्णतेचा साधारण पाव ते तीस टक्के भाग चाकांना उपयोगी पडतो. जवळजवळ तितकीच उष्णता सिलिंडरच्या भिंतींतून पाण्यात उतरते; उरलेली बव्हंशी धुरावाटे जाते. म्हणजे घाट चढताना इंजिन २० किलोवॉट शक्ती देत असेल, तर पाण्यालाही सुमारे २० किलोवॉट उष्णता वाहून न्यावी लागते. स्नानघरातले दोन किलोवॉटचे दहा गीझर एकदम चालू आहेत अशी कल्पना करा!

उकळू देणारे इंजिन

कार्ल बेन्झ यांच्या तीनचाकी मोटारीचे पेटंट २९ जानेवारी १८८६चे. तिच्यात या प्रश्नाचे उत्तर सरळ होते : सिलिंडरभोवतीचे पाणी उकळू द्यायचे. एक ग्रॅम पाण्याचे तापमान एक अंशाने वाढवायला एक कॅलरी लागते, पण उकळत्या पाण्याची वाफ करायला ग्रॅममागे सुमारे ५४० कॅलरी लागतात. त्यामुळे उष्णता घेऊन जाण्याचे काम वाफ उत्तम करते. अडचण एवढीच की तिच्याबरोबर पाणीही जाते. ऑगस्ट १८८८मध्ये बेन्झ यांच्या पत्नी बर्था दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला सुमारे शंभर किलोमीटर गेल्या. मोटारीचा पहिला दूरचा प्रवास म्हणून तो प्रसिद्ध आहे. वाटेत इंजिनाला वारंवार पाणी पाजावे लागले.

बेन्झचे ते इंजिन अश्वशक्तीच्या हिशेबात अगदी लहान होते. वर सांगितलेली २० किलोवॉट उष्णता अशा रीतीने घालवायची तर मिनिटाला सुमारे अर्धा लिटर पाणी उडून जाईल. इंजिने मोठी होऊ लागताच हा मार्ग बंद झाला. पाणी तेच ठेवायचे आणि उष्णता हवेला द्यायची, हाच उपाय उरला.

मधाच्या पोळ्याचा रेडिएटर

पण हवा उष्णता घेण्यात फार दुबळी. एक लिटर पाणी एका अंशाने थंड करायला साडेतीन हजार लिटर हवा एका अंशाने तापवावी लागते. म्हणून पुष्कळ पृष्ठभाग हवा आणि पुष्कळ वाराही. विल्हेल्म मायबाख यांनी १९००–०१च्या ३५ अश्वशक्तीच्या पहिल्या मर्सिडीज गाडीसाठी हे जुळवून आणले. त्यांच्या रेडिएटरमध्ये ६ मिलिमीटर चौरस छेदाच्या ८,०७० आखूड नळ्या होत्या. नळ्यांतून वारा जाई आणि त्यांच्यामधल्या फटींतून पाणी उतरे. समोरून पाहिले की मधाचे पोळेच दिसे. आधी जेथे १८ लिटर पाणी लागे तेथे आता ९ लिटर पुरले. गाडी सावकाश चालते तेव्हाही वारा मिळावा म्हणून रेडिएटरमागे पंखा बसवला होता. घाटात पहिल्या गिअरमध्ये रांगणाऱ्या गाडीला आजही पंखाच तारतो.

पाणी फिरवायचे कसे, हा पुढचा प्रश्न. १९०८मध्ये आलेल्या फोर्डच्या मॉडेल टीच्या पहिल्या सुमारे अडीच हजार गाड्यांत पंप होता. पुढे तो काढून टाकला गेला. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते आणि रेडिएटरमध्ये निवून खाली उतरते, एवढ्यावरच ते अभिसरण चाले. वर्गात चोचपात्रात पोटॅशियम परमँगनेटचा खडा टाकून आपण जे दाखवतो तेच हे. परंतु ४ अंशांचे पाणी आणि १०० अंशांचे पाणी यांच्या घनतेत जेमतेम चार टक्क्यांचा फरक असतो. एवढ्याशा जोरावर पाणी संथच फिरणार, आणि पातळी वरच्या नळीखाली गेली की अभिसरण तुटणार. शक्तिमान इंजिनांना पंप लागलाच.

पंप आला तशी उलटी अडचण आली : इंजिन लवकर गरमच होईना. गार भिंतींवर ज्वलनातली वाफ थिजते, तिच्यात आम्ले मिसळतात आणि सिलिंडर गंजून झिजतो. १९३०च्या दशकात ब्रिटनमध्ये झालेल्या संशोधनाने ही झीज स्पष्ट दाखवली. म्हणून ठरावीक तापमानापर्यंत रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारा थर्मोस्टॅट हवा. त्याचा पुढे रूढ झालेला प्रकार मेणाचा : मेण वितळताना फुगते आणि झडप ढकलून उघडते. तेव्हा ‘आपल्या हवेत याचं काम नाही’ हे बरोबर नव्हे. आपल्याकडेही सकाळी इंजिन गारच असते.

झाकणाचे महत्त्व

शेवटचा भाग सर्वांत लहान आणि सर्वांत दुर्लक्षित. देनी पापँ यांच्या १६७९च्या पात्राचे, म्हणजे आपल्या प्रेशर कुकरच्या पूर्वजाचे तत्त्व रेडिएटरच्या झाकणात आहे. दाब वाढला की उत्कलनबिंदू वाढतो. झाकणातली स्प्रिंग अर्धा वातावरण जादा दाब धरत असेल, तर समुद्रसपाटीला पाणी १११ अंशांच्या आसपास उकळते, ०.९ वातावरण धरत असेल तर ११८–११९ अंशांना. शिवाय पाणी आणि हवा यांच्या तापमानांत फरक जितका जास्त, तितका तोच रेडिएटर अधिक उष्णता टाकतो. विमानांच्या इंजिनांनी या दोन्ही गोष्टींचा पुरेपूर उपयोग केला. रोल्स-रॉइसच्या मर्लिन इंजिनात आरंभी १९७ अंशांना उकळणारे एथिलीन ग्लायकॉल होते. पुढे दाबाखालचे पाणी-ग्लायकॉल मिश्रण आले. दुसऱ्या महायुद्धानंतर दाबाचे झाकण साध्या मोटारींतही सर्रास दिसू लागले.

आता पुन्हा घाटात येऊ. पाचगणी सुमारे १,३०० मीटर उंचीवर आहे. तेथे उघड्या भांड्यातले पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळते. वाईतल्या एका वृद्ध मेस्त्रींनी बॉनेट उघडण्याआधी वडिलांना एकच विचारले, “साहेब, पाणी उकळतंय हे खरं, पण जातंय कुठनं?” इंजिन पूर्ण गार झाल्यावर त्यांनी झाकण काढून दाखवले. रबराला भेगा होत्या आणि स्प्रिंग मऊ पडली होती. रेडिएटर बदलताना झाकण जुनेच राहिले होते! झाकण दाब धरत नव्हते, त्यामुळे पाणी लवकर उकळे, बाहेरच्या नळीवाटे गळे, पातळी उतरे आणि इंजिन आणखी तापे. झाकण बदलले, थर्मोस्टॅट परत बसवला. त्यानंतर आमची गाडी त्या वळणावर थांबली नाही.

त्या मेस्त्रींच्या प्रश्नाचा अर्थ मला पुष्कळ पुढे समजला. जो भाग निकामी होतो, तो येण्याआधीच्या काळात गाडी परत जाते. झाकण गेले की ती उघड्या रेडिएटरच्या जमान्यात जाते. पंप गेला की पाणी केवळ हलकेपणावर फिरू पाहते. विहिरीच्या जड पाण्याचे क्षार रेडिएटरमध्ये साचले की मायबाखच्या नळ्या असून नसल्यासारख्या होतात. आणि सिलिंडरभोवती साचलेला एक मिलिमीटर क्षार उष्णतेला दोन-तीन सेंटिमीटर जाड बिडाच्या भिंतीइतका अडवतो. नळी फुटली की आपण १८८८मध्ये, बर्था बेन्झ यांच्यासारखे पाणी शोधत. म्हणून आधी लक्षण पाहावे. फक्त सावकाश चालताना तापते का? मग पंखा आणि त्याचा पट्टा पाहा. वेगात असतानाच तापते का? मग रेडिएटर पाहा. पाणी कमी होते का? मग गळती आणि झाकण पाहा. सुटे भाग बदलत बसण्यापेक्षा हा क्रम स्वस्त पडतो.

एक गोष्ट मुलांना आवर्जून सांगावी. त्याच घाटात टॉवेल धरून गरम झाकण उघडणाऱ्या एका गृहस्थांचा हात कोपरापर्यंत भाजलेला मी पाहिला आहे. ११५ अंशांवरच्या पाच लिटर पाण्यावरचा दाब एकदम गेला, तर १०० अंशांवर येताना त्यातून ७५ किलोकॅलरी मोकळ्या होतात. त्यांत सुमारे १४० ग्रॅम पाण्याची वाफ होते, म्हणजे दोनशे लिटरांहून अधिक वाफ, क्षणार्धात. हे गणित फळ्यावर सोडवून घ्यावे. ज्याने ते सोडवले, तो इंजिन निवेपर्यंत अर्धा तास झाडाखाली बसून राहील.