ठेका संपतो तेव्हा : भरती-मध्यस्थ, हजेरीपट आणि कामगार

प्रस्तावना

संत तुकारामांच्या चरित्रपरंपरेत देहू येथील एक प्रसंग सांगितला जातो. दुष्काळानंतर भामनाथाच्या डोंगरावरून परतलेल्या तुकोबांनी वडिलोपार्जित सावकारीच्या खतांचे दोन वाटे केले. अर्धी खते धाकटे बंधू कान्होबा यांना दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडविली. या प्रसंगाकडे सामान्यतः वैराग्याच्या दृष्टीने पाहिले जाते. त्याला एक व्यावहारिक बाजूही आहे. खत हा माणसाला बांधून ठेवणारा कागद. तो ज्याच्या पेटीत, त्याच्या हाती कुळाचे भवितव्य. तुकोबांच्या वाट्याची कुळे मुक्त झाली. कान्होबांच्या वाट्याची कुळे मात्र होती तिथेच राहिली, आणि कोणते कूळ कोणाच्या वाट्यास जावे हे ठरविण्यात कुळांचा काही भाग नव्हता.

आज त्याच देहूच्या एका अंगाला तळवडे-चिखलीचा उद्योगपट्टा, इंद्रायणीपलीकडे चाकणची औद्योगिक वसाहत आणि दुसऱ्या अंगाला देहूरोडचे लष्करी भांडार आहे. या पट्ट्यातील कारखान्यांत राबणाऱ्या अनेकांचे नाव कारखान्याच्या हजेरीपटावर नसते. ते ठेकेदाराच्या अथवा मनुष्यबळ पुरविणाऱ्या संस्थेच्या पटावर असते. ही संस्था वेळेवर पगार करीत नाही, भविष्यनिर्वाह निधीची कपात भरत नाही, ठरल्यापेक्षा कमी किंवा अननुभवी माणसे पाठविते असे आढळले, की आस्थापना वर्षअखेरीस तिच्या कराराचे नूतनीकरण नाकारते. कायद्याच्या भाषेत हा दोन पक्षांमधील व्यवहार होय. परंतु त्याचा परिणाम भोगणाऱ्या तिसऱ्या पक्षाची त्या करारावर सहीच नसते. बेभरवशाच्या मध्यस्थाला दूर करण्याचे जे प्रयत्न महाराष्ट्रात झाले, त्यांचा या तिसऱ्या पक्षाच्या बाजूने विचार प्रस्तुत लेखात केला आहे. मध्यस्थ गेल्यावर कामगार टिकला की नाही, हे मध्यस्थाच्या लबाडीवर किंवा मालकाच्या सद्हेतूवर फारसे अवलंबून नव्हते. कामगाराच्या नावाची नोंद कोणाकडे होती, यावर ते अवलंबून होते, असे या प्रयत्नांवरून दिसते.

जॉबर आणि बदली कार्ड

मुंबईत कावसजी दावर यांची पहिली कापडगिरणी १८५४ मध्ये स्थापन झाली. त्यानंतरच्या काळात गिरण्यांची भरती जॉबरच्या हाती गेली. जॉबर हा खात्यातील मुकादम. स्त्रियांच्या खात्यात हेच काम नायकीण करी. कोकण, सातारा, पुणे या भागांतून आलेल्या माणसाला काम मिळवून देणे, खोलीची व खानावळीची सोय लावणे, अडीनडीला उसने पैसे देणे आणि सकाळी गिरणीच्या फाटकावर आज कोणाला आत घ्यायचे ते ठरविणे, ही सर्व कामे एकाच माणसाकडे होती. त्याबद्दल तो दस्तुरी घेई. इतिहासकार मॉरिस डेव्हिड मॉरिस यांनी जॉबरचा विचार मुख्यतः गिरणीच्या व्यवस्थापनाचे साधन म्हणून केला. राजनारायण चंदावरकर यांनी मात्र त्याची सत्ता वस्तीतील संबंधांवर उभी होती आणि म्हणूनच ती मर्यादितही होती, हे दाखवून दिले. दोन्ही मते लक्षात घेतली तरी एक गोष्ट उरते. गिरणीला आपला कामगार कोण, हे जॉबरला विचारल्याशिवाय नीट सांगता येत नसे.

या काळात कामगाराला मात्र करार नाकारण्याची मुभा नव्हती. १८५९ च्या करारभंगाच्या कायद्यानुसार उचल घेऊन काम सोडणाऱ्या कारागिरास किंवा मजुरास दंडाधिकाऱ्यापुढे उभे करता येई आणि त्याने आदेश मानला नाही तर त्याला तुरुंगवासही होई. हा कायदा रद्द होण्यास १९२५ साल उजाडावे लागले. मालकाने ठेकेदाराला सोडणे ही व्यवहाराची बाब, आणि मजुराने ठेकेदाराला सोडणे हा गुन्हा, अशी ही सहासष्ट वर्षे होती.

१९२९ मध्ये जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या रॉयल कमिशनचे ना. म. जोशी हे सदस्य होते. कमिशनच्या १९३१ च्या अहवालाने जॉबरच्या हातून नेमणूक व बडतर्फी काढून घ्यावी आणि त्यासाठी कामगार अधिकारी नेमावेत, अशी शिफारस केली. मुंबईच्या गिरणीमालकांनी त्या दिशेने उचललेले महत्त्वाचे पाऊल म्हणजे १९३५ ची बदली नियंत्रण योजना. प्रत्येक गिरणीने दर महिन्याच्या प्रारंभी ठराविक संख्येने बदली कामगारांना कार्डे द्यावीत, कार्डधारकांनी रोज सकाळी हजर व्हावे आणि रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भराव्यात, अशी तिची रचना होती. वरवर पाहता ही कारकुनी सुधारणा वाटते. पण तिच्यामुळे कामगाराचे नाव जॉबरच्या स्मरणातून निघून गिरणीच्या कागदावर आले. जॉबरवरील विश्वास उडाला तरी कार्ड राहत होते.

जॉबरचे वजन अर्थातच एका दिवसात नाहीसे झाले नाही. कार्ड कोणाला द्यावे यात त्याचा शब्द चालेच. १९४९-५० मध्ये मुंबई राज्याने अहमदाबाद, सोलापूर आणि मुंबई येथील गिरण्यांसाठी भरतीची ऐच्छिक योजना सेवायोजन कार्यालयांमार्फत सुरू केली, ती याच अनुभवातून. कार्डाची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. बदली म्हणून नोंदला गेलेला कामगार पुढे वर्षानुवर्षे बदलीच राहिला, आणि १९८२ च्या संपाच्या वेळी मुंबईच्या गिरण्यांमध्ये अशा बदली कामगारांची संख्या मोठी होती. नोंद हे कामगाराचे रक्षण असते, तसे त्याला एका पायरीवर थांबवून ठेवण्याचे साधनही ठरू शकते.

प्रामाणिक ठेका

मध्यस्थाच्या प्रश्नावरील सर्वांत उद्बोधक प्रकरण गिरणीतले नाही. मुंबईतील स्टँडर्ड व्हॅक्युम या कंपनीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात साफसफाईचे काम एका ठेकेदाराकडे होते. कामगारांनी ही पद्धत बंद करण्याची मागणी केली. औद्योगिक न्यायाधिकरणापुढे असे निष्पन्न झाले की, ठेका बनावट नव्हता. दोन्ही बाजूंनी तो खराच होता. तरीही न्यायाधिकरणाने ठेका थांबवून कंपनीने स्वतः कामगार नेमावेत असा निवाडा दिला आणि १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला.

या निकालाचे महत्त्व त्याच्या कसोट्यांत आहे. काम बारमाही आहे का, ते उद्योगाला आवश्यक आहे का, पूर्णवेळ माणसे लागावीत इतके ते आहे का, आणि इतर बहुतेक कारखान्यांत ते कायम कामगारांकडून केले जाते का, एवढेच न्यायालयाने पाहिले. ठेकेदार चांगला की वाईट, हा प्रश्नच गौण ठरला. एरवी अशा चर्चांत लबाड ठेकेदाराच्या जागी प्रामाणिक ठेकेदार आणावा, हाच उपाय सुचविला जातो. येथे ठेकेदार खरा असूनही त्याच्या माणसांना कायम कामगारांच्या मानाने कमी मिळत होते आणि त्यांच्या नोकरीला शाश्वती नव्हती. याच कसोट्या पुढे १९७० च्या कंत्राटी कामगार (नियमन व निर्मूलन) कायद्याच्या दहाव्या कलमात आल्या. त्याच कायद्याने ठेकेदाराने वेतन दिले नाही तर ते देण्याची जबाबदारी मूळ मालकावर टाकली.

टोळी राहिली, मुकादम बाजूला झाला

महाराष्ट्राने १९६९ मध्ये केलेला माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा या इतिहासातील निराळे पाऊल आहे. मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडींचे संघटन केले होते. पुण्यात बाबा आढाव यांच्या पुढाकाराने हमाल पंचायत उभी राहिली होती. हमालाचा मालक रोज बदलतो. सकाळी एका पेढीचा माल, दुपारी दुसऱ्या. अशा कामगाराला कायम करा असे कोणाला सांगायचे? कायद्याने यावर मंडळाचा मार्ग काढला. मालक आणि टोळी दोघांचीही नोंद मंडळाकडे होते. मालक मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही मंडळात भरतो. मंडळ कामगाराला मजुरी देते आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, बोनस यांची तरतूद करते. टोळीचा मुकादम उरला, परंतु पैशाची वाट त्याच्या हातून गेली.

मालक बदलला, पेढी बंद पडली, तरी माथाडीची नोंद मंडळात कायम राहते, हे या रचनेचे मर्म आहे. १९८१ मध्ये खासगी सुरक्षारक्षकांसाठी हीच पद्धत स्वीकारण्यात आली. त्या कायद्यात सूट देण्याची तरतूद असल्याने सुरक्षा-संस्था पुन्हा मागच्या दाराने आत आल्या. महाविद्यालयांच्या फाटकावरचे रक्षक आणि आवारातील सफाई कामगार पुष्कळदा कोणत्या तरी संस्थेमार्फत आलेले असतात. त्यांच्या ठेक्याच्या नूतनीकरणाचा विषय व्यवस्थापन समितीपुढे आला की चर्चा दराची होते. त्या माणसांची नावे कार्यक्रमपत्रिकेवर नसतात.

नकाराची किंमत

देहूभोवतीचा उद्योगपट्टा याच कायद्यांच्या काळात वाढला. १९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले, १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली आणि नंतर चाकणला मोटारगाड्यांचे कारखाने उभे राहिले. पहिल्या पिढीच्या कारखान्यांत कायम कामगाराचा पट हाच नियम होता. चाकणच्या पिढीत ठेक्याचे प्रमाण वाढले, आणि त्याच सुमारास न्यायालयाची भूमिकाही बदलली.

मुंबईतील एअर इंडियाच्या सफाई कामगारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये असे म्हटले होते की, ठेका पद्धतीवर बंदी आली म्हणजे ते कामगार आपोआप मूळ मालकाचे होतात. ऑगस्ट २००१ मध्ये स्टील अथॉरिटीच्या खटल्यात पाच न्यायाधीशांच्या पीठाने हे मत फिरविले. ठेका बनावट असेल तर गोष्ट वेगळी. खरा असेल तर बंदीनंतर कामगार आपोआप सामावले जात नाहीत. मूळ मालकाने कायम भरती केली तर त्यांना प्राधान्य आणि वयाची सवलत द्यावी, एवढेच उरले. १९६० च्या निकालात खरा ठेकाही कामगारांच्या आड आला नव्हता. २००१ मध्ये ठेक्याचा खरेपणाच त्यांच्या मार्गातील अडथळा ठरला. हा बदल जितका चर्चिला जावा तितका मराठीत चर्चिला गेलेला नाही.

शासनही या प्रश्नातून सुटले नाही. बाह्य स्रोतांद्वारे मनुष्यबळ घेण्यासाठी राज्य शासनाने २०२३ मध्ये नऊ संस्थांचे पॅनेल मान्य केले; स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांच्या तीव्र विरोधानंतर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो निर्णय रद्द करण्यात आला. येथे नकार पॅनेल मान्य झाल्यानंतर काही महिन्यांतच दिला गेला.

कारखान्यात असे होत नाही. बेभरवशाच्या संस्थेचा ठेका संपतो, नवी संस्था येते, आणि पुष्कळदा तोच कामगार त्याच यंत्रावर उभा राहतो. गेटपास नवा असतो, रुजू झाल्याची तारीखही नवी असते. २०१४ पासून भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक कामगारासोबत जातो. तेवढी एक नोंद ठेकेदाराच्या हातून सुटली आहे. उपदानाचे तसे नाही. १९७२ च्या कायद्याने त्यासाठी सलग पाच वर्षांची सेवा मागितली होती, आणि दर दोन-तीन वर्षांनी ठेकेदार बदलल्यास कागदावर ती सहसा पुरी होत नसे. ज्याच्यावर विश्वास नाही अशा ठेकेदाराला काढताना आस्थापनेने त्याची थकलेली देणी स्वतः भागविली, जुनी सेवा नव्या करारात लिहून घेतली, तर हे टळू शकते. जुनी सेवा अशी लिहून घेण्यास कायद्याची आडकाठी नव्हती, सक्तीही नव्हती.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अमलात आल्या आणि १९७० च्या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली. वीसऐवजी पन्नास कंत्राटी कामगारांची मर्यादा तिच्यात आहे. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे तिने बंधनकारक केले आहे. कंत्राटी कामगाराने मागणी केल्यास त्याला अनुभवाचे प्रमाणपत्र द्यावे, असेही तिच्यात म्हटले आहे. हे प्रमाणपत्र देण्याचे काम संहितेने ठेकेदाराकडे सोपविले आहे, म्हणजे ज्याचा ठेका अविश्वासामुळे संपला, त्याच्याच कार्यालयात कामगाराला ते मागण्यासाठी जावे लागते.