बचतगट-उद्योग, नाशिक जिल्हा
महिला बचतगटांनी चालवलेले छोटे उद्योग आणि त्यांना भांडवल व बाजार मिळवून देणारी व्यवस्था. महिला आर्थिक विकास महामंडळ (माविम, स्थापना १९७५) आणि 'उमेद' अभियान (२०११) या तिच्यामागच्या प्रमुख सरकारी यंत्रणा. गटात साधारणपणे १० ते २० महिला असतात. दुर्गम भागात पाचजणींचा गटही चालतो. 'उमेद'मध्ये गटांचा ग्रामसंघ आणि ग्रामसंघांचा प्रभागसंघ होतो.

नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि अद्ययावत नोंदी ही गटाची पंचसूत्री. ती पाळणाऱ्या गटाला फिरता निधी व पुढे समुदाय गुंतवणूक निधी मिळतो. बोलताना सगळे त्याला अनुदानच म्हणतात, पण सदस्येला तो कर्जाऊ मिळतो. तिने फेडलेली रक्कम दुसरीच्या हाती जाते आणि व्याज गावातच राहते. बुडवणे मात्र अवघड, कारण पुढच्या बैठकीत शेजारीणच समोर बसलेली असते.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर व इगतपुरी तालुक्यांतील नागलीच्या पापडावरून या निधीचे मोल कळते. नागली पावसाळ्यानंतर खळ्यावर येते. उकड काढून पापड घालायचे ते उन्हाळ्यात, आणि विक्री पुढे वर्षभर. सुगीत धान्य घेऊन ठेवायला पैसा नसेल, तर तीच नागली नंतर व्यापाऱ्याकडून चढ्या भावाने घ्यावी लागते. म्हणून इथे यंत्रापेक्षा खेळते भांडवल आधी लागते. अन्नप्रक्रिया करणाऱ्या गटांना केंद्राच्या २०२० च्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेतून सदस्यामागे ४० हजार रुपयांपर्यंत बीजभांडवल मिळू शकते, तेही याच गरजेसाठी.

बाजाराची बाजू लंगडी आहे. मुंबईच्या महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनांत माल खपतो, ओळखी होतात, फोन नंबर मिळतात. पण प्रदर्शन काही दिवसांचे. दुकानदाराला वर्षभर एकाच चवीचा, एकाच वजनाचा आणि अन्नसुरक्षा नोंदणी क्रमांक छापलेला पुडा हवा असतो. एकट्या गटाला हे पेलत नाही. माल एकत्र करून विकण्याचे काम प्रभागसंघांनी किंवा माविमच्या लोकसंचालित साधन केंद्रांनी अंगावर घ्यायला हवे.

आदिवासी उद्योजकांसाठीच्या शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळाचे मुख्यालय नाशिकलाच आहे. बचतगट एकत्र आणून वनोपजावर प्रक्रिया करणाऱ्या राज्यातील वनधन केंद्रांचे काम ते पाहते. सुमारे ३०० सदस्यांच्या एका केंद्राला १५ लाख रुपयांपर्यंत निधी मिळतो. आकडा भारदस्त दिसतो, पण हिशेब माणशी पाच हजारांचाच आहे.