नकाशांतला ग्रीस आणि काळांतला ग्रीस

इतिहास हा वाचण्याचा विषय आहे, खेळण्याचा नव्हे, अशी सामान्य समजूत आहे. आणि ही समजूत सर्वस्वीं चुकीची आहे असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. परंतु संगणकावर खेळावयाच्या खेळांनीं इतिहासाच्या प्रांतांत जो शिरकाव केला आहे, त्याकडे नाक मुरडून पाहिल्यानें तो थांबणार नाहीं. प्राचीन ग्रीसचें पहिलें दर्शन आज पुष्कळ तरुणांस ग्रंथांत न होतां पडद्यावर होतें. तें दर्शन कोठें खरें व कोठें फसवें, याचा विचार इतिहासाच्या अभ्यासकानें करणें अगत्याचें आहे. या हेतूनें येथें एकाच खेळाची परीक्षा आरंभिली आहे. आणि ती स्वतः खेळून पाहिल्यावांचून केलेली नाहीं, एवढें प्रथमच सांगून ठेवतों.

'असॅसिन्स क्रीड ओडिसी' हा खेळ यूबीसॉफ्ट कंपनीच्या कॅनडांतील क्वेबेक येथील शाखेनें तयार केला व तो २०१८ च्या ऑक्टोबरांत बाहेर पडला. आरंभीं इ. स. पूर्व ४८० मधील थर्मोपिलीच्या खिंडींतील लिओनिडसची लढाई दिसते. तेथून कथा एकदम इ. स. पूर्व ४३१ या वर्षीं येते. त्याच वर्षीं अथेन्स व स्पार्टा यांच्यामधील सत्तावीस वर्षांच्या युद्धास तोंड लागलें. खेळणारानें कॅसँड्रा किंवा तिचा भाऊ अलेक्सिऑस यांपैकीं एकाची भूमिका घ्यावयाची असते. हें पात्र म्हणजे द्रव्य घेऊन लढणारा भाडोत्री योद्धा. केफालोनिया बेटावरून निघाल्यावर त्यानें ठराविक वाटेनेंच गेलें पाहिजे असें नाहीं. दिसेल तो डोंगर चढावा, आवडेल त्या बंदरांत नांगर टाकावा. उत्तरेस मॅसिडोनियापासून दक्षिणेस क्रीट बेटापर्यंतचा ग्रीस त्याच्यापुढें मोकळा पसरलेला असतो.

या खेळाचा पहिला व मोठा गुण भूगोलाचा आहे. अथेन्सच्या ॲक्रोपोलिस टेकडीवरील अथीना देवीच्या प्रचंड मूर्तीवर चढून समुद्राच्या दिशेनें पाहिलें असतां, शहरापासून पायरिअस बंदरापर्यंत धांवत गेलेल्या लांब भिंती दृष्टीस पडतात. प्रत्यक्षांत हें अंतर सुमारें ६ किलोमीटर होतें. खेळांत सर्वच ग्रीस लहान केलेला आहे. तरी त्या भिंती पाहतांच पेरिक्लीजचें युद्धधोरण जसें समजतें, तसें पाठ्यपुस्तकाचीं चार पानें वाचून समजत नाहीं. शेतें शत्रूच्या हातीं सोडावीं, माणसें भिंतींच्या आंत घ्यावीं, धान्य समुद्रावरून आणावें, आणि जमिनीवर स्पार्टाशीं झुंज टाळावी, असा तो बेत होता. त्याच चित्रांत त्या बेताचें दुसरें अंगही दिसतें. आसपासच्या खेड्यांतील सारी वस्ती त्या चिंचोळ्या जागेंत दाटली, आणि इ. स. पूर्व ४३० मध्यें अथेन्समध्यें साथ फुटली.

दुसरा गुण असा कीं, देवळें व मूर्ति या खेळांत रंगविलेल्या आहेत. पांढऱ्या संगमरवराचा ग्रीस ही उत्तरकालीन लोकांची कल्पना. मूळचा ग्रीस रंगीत होता, हें मूर्तींवर राहिलेल्या रंगाच्या अवशेषांवरून सिद्ध झालें आहे. २०१९ मध्यें तर या निर्मात्यांनीं लढाया काढून टाकून केवळ स्थलदर्शनाची निराळी आवृत्ति काढली. तींत वाटाड्यांपैकीं एक हिरोडोटस आहे. मूळ खेळांतही हिरोडोटस नायकाच्या गलबतावर सोबती म्हणून वावरतो, आणि ही निवड फार मार्मिक आहे. हिरोडोटस हा देश पाहणारा, चालीरीति विचारणारा, ऐकलेलें सर्व नोंदून ठेवणारा आणि त्या सर्वावर विश्वास ठेवण्याचें बंधन न मानणारा लेखक. आपल्या बखरींच्या वाचकांस ही रीत परकी वाटणार नाहीं. जो खेळ पावलोपावलीं नवी जागा व नवी नवलकथा दाखवितो, त्याचा इतिहासकार हिरोडोटसच असावयाचा.

अडचण एवढीच कीं, हें युद्ध हिरोडोटसचें नव्हे. तें थ्युसिडिडीजचें आहे. हिरोडोटसनें इराणी स्वाऱ्यांचा इतिहास लिहिला. अथेन्स-स्पार्टा युद्धाचा इतिहास लिहिणाऱ्या थ्युसिडिडीजनें नवलकथा बुद्ध्या बाजूस सारल्या, आणि त्यामुळें आपला ग्रंथ कमी रंजक वाटेल हेंही कबूल केलें. त्यानें युद्धाचें वर्णन उन्हाळा व हिवाळा असे एकेका वर्षाचे भाग पाडून केलें आहे. त्याच्या ग्रंथांतील खरा नायक काळ आहे. गेलेली घटका परत येत नाहीं, आणि तिच्याबरोबर केलेलें कृत्यही परत घेतां येत नाहीं, ही जाणीव त्याच्या पानापानांत आहे. नेमकी हीच गोष्ट खेळांतून गळून गेली आहे.

उदाहरणार्थ, लेस्बॉस बेट घ्या. खेळांत या बेटावर मेड्यूसा राक्षसीशीं घनघोर झुंज होते. थ्युसिडिडीजच्या लेस्बॉसमध्यें राक्षसी नाहीं. तेथें एक ठराव आहे. बेटावरील मिटिलिनी शहरानें अथेन्सविरुद्ध उठाव केला व इ. स. पूर्व ४२७ मध्यें तें शरण आलें. अथेन्सच्या लोकसभेनें संतापाच्या भरांत ठरविलें कीं, तेथील सर्व प्रौढ पुरुषांस ठार मारावें आणि बायकामुलांस गुलाम करावें. हुकूम घेऊन एक जहाज त्याच दिवशीं सुटलें. दुसऱ्या दिवशीं लोकांस पश्चात्ताप झाला व सभा पुन्हां भरली. क्लिऑननें शिक्षा कायम ठेवा म्हणून आग्रह धरला. डायोडोटसनें, दयेची भाषा न करतां, ही कत्तल अथेन्सच्याच हिताची नाहीं असें दाखविलें. हात वर झाले ते जवळजवळ बरोबरीचे. डायोडोटसचें मत कसेंबसें टिकलें. तत्काळ दुसरें जहाज सोडण्यांत आलें. परंतु पहिलें जहाज सुमारें एक दिवस व एक रात्र पुढें होतें. दुसऱ्या जहाजावरील वल्हेकऱ्यांनीं जवाचें पीठ दारूंत व तेलांत कालवून वल्हीं मारतां मारतांच खाल्लें, आणि पाळीपाळीनें झोंप घेतली. पहिल्या जहाजावरचे लोक मात्र, असलें अघोर काम घेऊन जावयाचें म्हणून, संथपणें चालले होते. अथेन्सचा सेनापति पॅकीज हुकूम वाचून त्याची अंमलबजावणी करणार, इतक्यांत दुसरें जहाज धक्क्याला लागलें. शहर वांचलें. उठावाचे म्होरके मात्र मारले गेले. थ्युसिडिडीजच्या ग्रंथांत त्यांची संख्या हजारावर दिली आहे.

या प्रसंगाचा सारा अर्थ अंतरांत व वेळेंत सांठविलेला आहे. समुद्र रुंद होता, वल्हें मारणारे हात मनुष्याचे होते, आणि सूर्य कोणासाठीं थांबणार नव्हता. खेळांत काय होतें? एकदां पाहिलेल्या उंच जागेवर नकाशावर बोट ठेवून क्षणांत जातां येतें. समुद्रप्रवास कांहीं मिनिटांचा, आणि वल्हेकरी गाणीं गातात. कथेची पुढची पायरी नायक येईपर्यंत खोळंबून राहते; त्यानें बेटाबेटांतून महिनोन्‌महिने भटकावें, अथेन्सची साथ त्याची वाट पाहत थांबते. आणि हातून चूक झालीच, तर जतन करून ठेवलेल्या जागीं परत जाऊन दुसरा मार्ग निवडावा. या ग्रीसमध्यें पहिलें जहाज कधींच फार पुढें गेलेलें नसतें.

येथें खेळाच्या बाजूनें एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. केफालोनिया बेटावर आरंभींच एक प्रसंग येतो. एका गांवांत तापाची साथ आली आहे. ती पसरूं नये म्हणून पुरोहित लोक गांवकऱ्यांस मारीत सुटले असून एक कुटुंब तेवढें उरलें आहे. त्या कुटुंबास सोडवावें कीं पुरोहितांस त्यांचें काम करूं द्यावें, हें खेळणारानें ठरवावयाचें असतें. आम्ही, बहुतेक सहृदय मनुष्य करील तसें, कुटुंबास सोडविलें. पुष्कळ काळानें बेटावर परतलों तेव्हां साथ सर्वत्र पसरून माणसें मेलेलीं दिसलीं. त्या क्षणीं या खेळाचे निर्माते थ्युसिडिडीजच्या अगदीं जवळ आले आहेत असें वाटलें. कारण अथेन्सच्या साथीविषयीं लिहितांना त्यानें हेंच नोंदलें आहे कीं, जे दूर राहिले त्यांचे आप्त एकाकी मेले, आणि ज्यांस दूर राहण्याची लाज वाटली ते मित्रांच्या घरीं जाऊन स्वतः मेले. तो स्वतः त्या रोगांतून उठला होता. अथेन्सच्या केरामिकोस स्मशानाजवळ १९९४-९५ मध्यें भुयारी रेल्वेच्या कामाच्या निमित्तानें त्या काळचा एक सामुदायिक खड्डा सांपडला. त्यांत सुमारें दीडशें प्रेतें घाईघाईनें, वर वर तर फेंकल्याप्रमाणें, टाकलेलीं होतीं. त्यांतील सुमारें अकरा वर्षांच्या एका मुलीचा चेहरा संशोधकांनीं कवटीवरून पुन्हां घडविला व तिला 'मिर्टिस' असें नांव दिलें. तिचें खरें नांव कोणासही कळणार नाहीं. केफालोनियाचा प्रसंग आम्ही पुन्हां खेळून उलटा करूं शकलों. मिर्टिसचा प्रसंग एकदांच झाला.

खेळाची दुसरी सवलत जबाबदारीची आहे. त्याच्या कथेंत एक गुप्त मंडळ असून युद्धाचीं सूत्रें तें हलवितें, डेल्फीची देववाणीही त्याच्या मुठींत असते, आणि पेरिक्लीजचा प्राण त्याचाच मारेकरी पार्थेनॉनमध्यें घेतो. खरा पेरिक्लीज इ. स. पूर्व ४२९ मध्यें वारला, व त्याचा बळी साथीनेंच घेतला असें प्लूटार्क सांगतो. रोगाला सूड माहीत नसतो. म्हणून कथाकारास मारेकरी हवा असतो. परंतु थ्युसिडिडीजनें युद्धाचें मूळ कोणत्याही मंडळांत शोधलें नाहीं. अथेन्सचें वाढतें बळ आणि त्यामुळें स्पार्टाला वाटणारी धास्ती, हें त्याच्या मतें खरें कारण होतें. मिटिलिनीच्या वेळीं जे हात वर झाले, ते बुरखेवाल्यांचे नव्हते. उघड्या सभेंत बसलेल्या कुंभारांचे, खलाशांचे व शेतकऱ्यांचे होते.

तसेंच पक्षाचें. नायकानें आज अथेन्ससाठीं एखादा प्रांत जिंकावा व उद्यां तोच स्पार्टासाठीं परत घ्यावा. दोन्ही वेळां त्यास बक्षीस मिळतें, आणि कालचा हिशेब कोणी विचारीत नाहीं. मेलॉस बेट या खेळाच्या नकाशावर आहे. त्या बेटाच्या लोकांनाही कोणत्याच बाजूस न जातां स्वतंत्र राहावयाचें होतें. खेळाच्या कथेनंतर सहा वर्षांनीं, म्हणजे इ. स. पूर्व ४१६ मध्यें, अथेन्सनें त्यास वेढा घातला. तें शरण आल्यावर हातीं लागलेले प्रौढ पुरुष मारले आणि बायकामुलें विकलीं. त्या युद्धांत तटस्थ राहण्याची किंमत अशी होती.

यावर कोणी म्हणेल कीं, खेळास खेळाच्या मापानें मोजावें. मोकळीक नसेल तर तो खेळ कसला? हें आम्हांस मान्य आहे. कादंबरी व नाटक यांनीं इतिहासाशीं जी सलगी केली आहे, ती या नव्या कलेस नाकारणें न्यायाचें होणार नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, या ग्रीसमधून हिंडून आलेल्यानें तेथें काय नव्हतें हेंही ओळखावें. जागा त्यास पुष्कळशी खरी भेटली; काळ भेटला नाहीं. देश पाहण्यासाठीं खुशाल हिरोडोटसबरोबर गलबतांत बसावें. परंतु युद्ध म्हणजे काय हें समजून घेण्यास थ्युसिडिडीजच्या दारीं गेल्यावांचून गत्यंतर नाहीं.

आणि थ्युसिडिडीजला हें ज्ञान फुकट मिळालें नव्हतें. खेळांतील युद्धकथेची मजल इ. स. पूर्व ४२२ च्या अँफिपोलिसच्या लढाईपर्यंत आहे; त्या लढाईंत क्लिऑन व स्पार्टाचा सेनानी ब्रासिडस हे दोघेही पडले. त्याआधीं दोन वर्षें, इ. स. पूर्व ४२४ च्या हिवाळ्यांत, हेंच शहर वांचविण्याचें काम अथेन्सच्या एका सेनापतीकडे आलें होतें. तो अर्ध्या दिवसाच्या वाटेवर थॅसॉस बेटापाशीं होता. निरोप मिळतांच सात जहाजें घेऊन तो निघाला. परंतु तो येत आहे हें ऐकून ब्रासिडसनें शहरास सौम्य अटी देऊं केल्या, आणि शहरानें त्या पत्करल्या. तो सेनापति त्याच संध्याकाळीं नदीच्या मुखावरील ईऑन बंदरांत पोंचला. ईऑन राखलें गेलें, अँफिपोलिस गेलें. या अपयशापायीं त्यास वीस वर्षें देशाबाहेर काढावीं लागलीं, आणि त्या हद्दपारींत दोन्ही पक्षांची हकीकत जाणून घेण्यास त्यास सवड मिळाली. त्या सेनापतीचें नांव थ्युसिडिडीज. आपल्या ग्रंथांत हा प्रसंग त्यानें तृतीय पुरुषीं, थोडक्या वाक्यांत, कोणासही दोष न देतां सांगितला आहे. मिटिलिनीचें जहाज वेळेवर पोंचलें. त्याचीं जहाजें पोंचलीं नाहींत. दोन्ही गोष्टी त्यानें सारख्याच शांतपणें लिहून ठेविल्या.