सव्वीस-एक्कावन्नची कुळकथा

महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या रासायनिक कारखान्याची वीज रात्रीही थांबत नाही. रिॲक्टर गार ठेवणारा चिलर आणि सांडपाण्यात हवा सोडणारे ब्लोअर चालूच ठेवावे लागतात. अशा कारखानदाराला स्वस्त सौरवीज बाहेरून आणायची असेल, तर बोलणी दोन आकड्यांवर येतात: 26 आणि 51.

1948च्या वीज पुरवठा कायद्याखाली स्वतःचं वीजकेंद्र उभारायलाही वीज मंडळाची संमती लागे. 2003च्या कायद्याने ती अट काढली. कारखान्यांनी चढा दर भरायचा आणि त्यातून शेतीपंप, गरीब घरं सांभाळायची, ही आपली जुनी रीत. वीज दुसरीकडून घेणाऱ्यानेही तो वाटा द्यावा म्हणून क्रॉस सबसिडी अधिभार आला. स्वतःच्या केंद्रातली वीज आणणाऱ्याला मात्र तो माफ झाला. मग 'स्वतःचं' म्हणजे किती? 2005च्या नियमांनी ठरवलं: निदान 26 टक्के मालकी आणि वर्षभरातल्या विजेपैकी निदान 51 टक्के स्वतःचा वापर. दहा जणांनी मिळून केंद्र घेतलं तरी चालेल, पण हिश्श्याच्या प्रमाणातच वीज उचलायची. दहा टक्के इकडेतिकडे.

ही सोय काही सौरऊर्जेसाठी जन्मली नव्हती. कोळशाच्या केंद्रांनाही ती तितकीच लागू होती. 2015 साली सर्वोच्च न्यायालयाने असे स्वयंवापरवालेही नवीकरणीय विजेचा ठरावीक वाटा घ्यायला बांधील आहेत, असा निर्वाळा दिला, तेव्हा सूर्य आणि वारा या चौकटीत आणखी जोराने शिरले. 10 डिसेंबर 2021 रोजी महावितरण विरुद्ध जेएसडब्ल्यू स्टील या खटल्यात क्रॉस सबसिडी अधिभाराखेरीजचा अतिरिक्त अधिभारही स्वयंवापरवाल्यांना लागू नाही, असं ठरलं. पुढच्याच वर्षी हरित विजेसाठी मुक्त प्रवेशाची, म्हणजे बाहेरून वीज आणण्याच्या मुभेची, मर्यादा एक मेगावॅटवरून 100 किलोवॅटवर आली. महाडच्या छोट्या कारखान्यांसाठी हे दार खरंच मोलाचं आहे.

पण एकाला माफ झालेला आकार उरलेल्यांच्या दरात येतो. पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीवरचं घर कुठल्या केंद्राची 26 टक्के मालकी घेणार? त्याला महिन्याच्या बिलात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार मुकाट्याने भरावाच लागतो. जर्मनीतही 2003पासून अवजड उद्योगांना हरित अधिभारात सूट होती आणि तिचा बोजा घरगुती ग्राहकांवर पडे. जुलै 2022मध्ये तिथे अधिभारच शून्यावर आणून तो खर्च सरकारी तिजोरीने उचलला. कारखान्याला दिलासा द्यायचाच तर तो राज्याच्या अर्थसंकल्पात उघड लिहून द्यावा, वाडीच्या वीजबिलातून नव्हे.